मनोऱ्यावर न चढणारी आर्जिया

आर्जियाच्या घरी खोली हवी असेल तर भाड्याचं बोलणं नंतर, आधी शपथ. पदवी हातात पडेपर्यंत आझिनेल्ली मनोऱ्यावर चढणार नाही, अशी. बोलोन्यात शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला हे कुणी ना कुणी सांगतंच. पदवीआधी जो वर गेला, त्याची पदवी गेली. बाकीचे लोक हसत हसत सांगतात. माझी बहीण हसत नसे. पोराला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायची, समोर कॉफी ठेवायची आणि म्हणायची, "पिण्याआधी बोल."

मी तिची धाकटी बहीण, इव्होन. खाली कमानीत माझं गुंड्यांचं आणि लेसचं दुकान. तिच्या घरातलं निम्मं माझ्या कानावर आपोआप पडायचं, उरलेलं ती स्वतः येऊन ऐकवायची. तिच्याकडे राहून पदवीधर झालेल्या पोरापोरींचे फोटो तिने बोळात लावले होते, सगळ्यांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. लुका नावाचा एकजण शपथ मोडून चढला होता. आता तो विम्याचा धंदा करतो, समुद्राकाठी त्याचं दुसरं घर आहे. पण आर्जियाच्या लेखी तो वाया गेला तो गेलाच. त्याचं नाव निघालं की ती कपाळाला हात लावायची.

निकोदेमो दक्षिणेतून आला, कालाब्रियातल्या एका डोंगरावरच्या गावातून. वकिली शिकायला. बाप खाटीक, आई त्याच दुकानात गल्ल्यावर. एकुलतं एक पोर. सडपातळ, मऊ बोलणारा, बशी विसळून ठेवणारा. आर्जियाने त्याला पहिल्याच महिन्यात मांडीवर घेतलं म्हणा ना. परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून अंड्याचं पिवळं साखरेत घोटून, त्यात गोड वाइन घालून त्याला द्यायची. मी इतक्या वर्षांत मागितलं असतं तर म्हणाली असती, "हात नाहीत का तुला?" तो संध्याकाळी येऊन सांगायचा, "सिन्योरा, अठ्ठावीस." तीसपैकी अठ्ठावीस. मग ती जिना उतरून माझ्या दुकानात यायची आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "आमच्या निकोदेमोला अठ्ठावीस."

आता जे आम्हाला फार उशिरा कळलं ते मी आधीच सांगून टाकते, मला लपवाछपवी जमत नाही. निकोदेमोने तिसऱ्या वर्षापासून एकही परीक्षा दिली नव्हती. एकदा नापास झाला, घरी सांगायची हिंमत झाली नाही, आणि पहिल्या खोट्याला दुसरं खोटं लागलं. रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून निघायचा, वाचनालयात नाहीतर बागेत बसायचा, संध्याकाळी परत. अशी चार वर्षं. आणि एका नोव्हेंबरात, बाप फोनवर फारच विचारायला लागला म्हणून, त्याने तारीख सांगून टाकली. पदवीची तारीख. अमुक दिवशी, सकाळी अकरा वाजता.

असल्या पोरांच्या बातम्या आमच्याकडे अधूनमधून पेपरात येतात. गाव जमलेलं असतं, जेवणाची जागा ठरलेली असते, आणि नसलेल्या पदवीच्या सकाळी पोरगं सापडत नाही. जेव्हा सापडतं तेव्हा आई छाती पिटत असते. आपण वाचतो, अरेरे म्हणतो आणि पान उलटतो.

आईबाप आदल्या दिवशीच आले, शहर बघायचं म्हणून. साव्हेरियो, बाप, पिंपासारखा माणूस, नव्या बुटांत चेपलेला. आई इमाकोलाता, नव्या कोटात. सोबत सॉसेजच्या माळा, चीज आणि गावात वाटायला लाल साखरबदाम. आर्जियाने मला दुकान बंद करायला लावलं. "आपली माणसं आलीत, तू काय गुंड्या मोजत बसणार?" असं म्हणाली. मी बंद केलं. धुकं असं पडलं होतं की समोरच्या कमानीतला माणूस पायांपासून दिसायला लागायचा.

सगळी मिरवणूक निघाली. पुढे आर्जिया, शहर तिच्या बापाचं असल्यासारखी, आणि मागे निकोदेमो. मला पहिली गोष्ट खटकली ती ही, की विद्यापीठाच्या रस्त्यावरून आम्ही गेलो आणि पोराला कुणी हाक मारली नाही. उद्या ज्याची पदवी, त्याला दोस्त रस्त्यात गाठून छळतात, अचकटविचकट गाणी म्हणतात. याच्याकडे कुणी मान वळवूनही बघितलं नाही.

"मित्र कुठायत रे तुझे?" मी विचारलं.

"अभ्यासात असतील," तो म्हणाला.

"तुझ्या पदवीच्या आदल्याच दिवशी त्यांना अभ्यास सुचला?"

"इव्होन, पोराला कातडी सोलल्यासारखं विचारू नकोस," आर्जिया पुढून ओरडली.

मोठ्या चौकात इमाकोलाता सान पेत्रोनियो चर्चकडे बघून थांबली. खाली संगमरवर, वर नुसत्या उघड्या विटा. "हे असं अर्धंच?" ती म्हणाली. "आणि इतकी वर्षं लोक येऊन हेच बघतात?"

"अर्धं असलं तरी उभं आहे, आई," निकोदेमो म्हणाला. साव्हेरियो मोठ्याने हसला आणि पोराच्या पाठीत थाप मारली. "बघा, वकील बोलला!"

जवळच जुन्या वाड्याखाली कमानींचा एक चौरस आहे. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला कानात बोलल्यासारखं ऐकू जातं. पाहुणा आला की आर्जिया त्याला तिथे उभं करणारच. तिने आईला एका कोपऱ्यात लावलं, लेकाला दुसऱ्या. दोघं भिंतीला नाक लावून शिक्षा झाल्यासारखी उभी. आई आधी बोलली, आम्हाला मधे काही ऐकू आलं नाही. मग तो बोलला. बराच वेळ बोलला.

इमाकोलाता डोळे पुसत, हसत आली. "बाई गं, काय जादू आहे! माफ कर म्हणाला. म्हणाला, तुम्हाला फार त्रास दिला, पण आता नाही देणार. वेडा! खर्चाचं लागलं असेल मनाला."

मी आर्जियाकडे बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळे पोराच्या पाठीवर होते. तो अजून भिंतीकडे तोंड करूनच उभा होता.

जेवायला बसलो तेव्हा साव्हेरियोने रश्शातलं एक तोर्तेल्लीनी, मांस भरलेली कणकेची चिमुकली घडी, चमच्यावर घेऊन उजेडात धरलं. "हे एवढंसं? आमच्याकडे हे चुकून राहिलं असेल म्हणून झाडून काढतात." आर्जिया एरवी असल्या माणसाला टेबलावरून उठवायची. त्या दिवशी ती पोराच्या ताटाकडे बघत होती. निकोदेमोने स्वतःचं खाल्लं नाही, पण बापाच्या ग्लासात वाइन ओतत राहिला, आईच्या पावाला चीज लावून देत राहिला. गावातल्या मेजवानीला कोण कोण येणार ते आई सांगत होती. पाद्री येणार, डॉक्टर येणार, जिच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं ती नणंदही येणार. तो प्रत्येक नावाला मान हलवत होता. 

तिथून मनोरा दोन पावलांवर. तेव्हा तो लोकांसाठी उघडा होता. साव्हेरियोने मान मागे टाकून बघितलं, वरचा भाग धुक्यात गेलेला. "चला, वर! बोलोन्याला जाऊन मनोरा चढलो नाही म्हटलं तर गावात शेंबडी पोरं हसतील मला."

"तुम्ही जा ना," आर्जिया म्हणाली. "मजेत जा. हा नाही येणार. हा उद्या, मुकुट घालून." आणि तिने शपथेची गोष्ट सांगितली. साव्हेरियोला मजा वाटली. "ठीक आहे, नियम म्हणजे नियम. तू थांब, पोरा."

"नाही बाबा, येतो मी," निकोदेमो म्हणाला.

"अरे पण..."

"येतो. काय फरक पडतो आता?"

अगदी सहज म्हणाला. तेवढं बोलून तो वळला आणि त्या बुटक्या दारातून आत गेला. बाप हसत त्याच्यामागे.

सहा वर्षं हा पोरगा त्या मनोऱ्याच्या सावलीतून जाताना रस्ता ओलांडायचा. एकदा कुणीतरी गमतीने दारापर्यंत ढकललं तर घामाघूम होऊन घरी आला होता. आर्जियानेच मला सांगितलं होतं, कौतुकाने. शंका घेणारे असतात, हसणारे असतात, पण पदवीच्या आदल्या दिवशी वर जाणारा आमच्याकडे कुणी नाही. ज्याला मिळायची आहे तो धोका घेत नाही. जो जातो, त्याला मिळायचीच नसते.

आर्जिया पांढरीफटक पडली. "इव्होन," ती म्हणाली, "याची उद्या पदवी नाहीये." आणि मला काही बोलू न देता ती दारात शिरली.

मी तिचा हात धरायला धावले, कारण ती चढणं ही गोष्टच माझ्या डोक्यात बसेना. आर्जिया एकोणीस वर्षांची असताना साहित्य शिकायला लागली होती. वडील गेले, आईने अंथरूण धरलं, मी आठ वर्षांची. तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. पण सोडलं, असं कधी म्हणाली नाही. राहिलंय, म्हणायची. चाळीस वर्षं राहिलंय. त्या चाळीस वर्षांत ती एकदाही मनोऱ्यावर चढली नव्हती. मी चिडवायची, "पेन्शनीत पदवी घेणार का?" ती म्हणायची, "तुला काय करायचंय?" तीच बाई, सुजलेल्या गुडघ्याने, मागे न बघता वर गेली.

मी आणि इमाकोलाता खाली राहिलो. तिला उंचीची भीती, आणि तिला एकटीला सोडून मला जाता येईना. ती मला साखरबदाम किती आणलेत ते सांगत होती, आणि मी वर बघत होते. विटा वर जात जात धुक्यात नाहीशा झालेल्या. वरून आवाज येत नव्हता. रस्त्यावर कुणी जोरात ओरडलं की माझं काळीज थांबायचं. इमाकोलाता म्हणाली, "तुम्हाला थंडी वाजतेय का?" मी हो म्हटलं. तिने स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. मला रडू आलं, आणि तिला वाटलं मफलरामुळे.

वर काय झालं ते आर्जियाने मला एकदाच सांगितलं.

आतला लाकडी जिना अरुंद, खालून वर येणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. कितीदा तरी ती बसली. वर पोचली तेव्हा साव्हेरियो भिंतीला टेकून धापा टाकत होता आणि बुटाला शिव्या देत होता. पोरगा पलीकडच्या बाजूला, कठड्याशी, बापाकडे पाठ करून. खाली सगळं पांढरं, शहर नव्हतंच. ती गेली आणि त्याच्या दंडात हात अडकवला, लग्नात अडकवतात तसा, घट्ट.

"उद्या काही नाही ना?" तिने विचारलं.

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"किती पेपर राहिलेत?"

"सगळे. तिसऱ्या वर्षापासूनचे सगळे."

"आणि ते अठ्ठावीस?"

"तेही खोटं."

"मग उद्या सकाळी काय करणार होतास तू?"

तो फक्त खाली बघत राहिला. तेव्हा आर्जियाने दुसऱ्या हाताने कठडा धरला.

"साव्हेरियो, इकडे या."

"नको, सिन्योरा. तुमच्या हातापाया पडतो. बाबांना नको."

"तू सांगूच नकोस. तुला सांगता येत असतं तर आपण इथे आलो नसतो. मी सांगते."

आणि तिने सांगितलं. चार वाक्यांत. पदवी नाही, परीक्षा नाहीत, चार वर्षांचं खोटं आहे, आणि उद्या सकाळी हे पोरगं जिवंत राहणार नव्हतं.

साव्हेरियोने आधी हसून बघितलं. मग पोराच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने हात उचलला. खाटकाचा हात, आर्जिया म्हणाली, आडव्या फळीसारखा. तिला वाटलं आता थप्पड पडणार, आणि ती पडली तर पोरगं खचेल, म्हणून ती मधे सरकली. पण त्या हाताने कोटाची कॉलर पकडली, पोराला कठड्यापासून ओढलं, भिंतीशी आणलं, आणि मग ती कॉलर सोडलीच नाही.  खालून कुणी जर्मन की कोण पर्यटक वर आले, फोटो काढायला लागले, हे तिघं तसेच.

शेवटी साव्हेरियो म्हणाला, "उतर. पुढे नको, मागे नको. माझ्याबरोबर."

त्या जिन्यावरून दोघं बरोबर उतरूच शकत नाहीत. ते आडवे होऊन उतरले, बाप भिंतीला घासत, एक हात कॉलरीला. आर्जिया मागून, प्रत्येक पायरीवर बसत.

मला दारातून आधी साव्हेरियोचा खांदा दिसला, चुन्याने पांढरा. मग पोरगा. मी देवाचं नाव घेतलं, जे मी वर्षानुवर्षं घेतलेलं नव्हतं.

इमाकोलाता पुढे झाली. "हे काय? कोटाची काय दशा ही! कॉलर सोड की त्याची, भांडलात की काय?"

"आपण घरी जातोय," साव्हेरियो म्हणाला. "तिघं."

"आणि उद्याचं?"

"उद्या काही नाही, इमाकोलाता. पोरगा आहे. तेवढं बघ."

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग लेकाकडे. नुसत्या चेहऱ्यावरून आईला किती कळतं मला माहीत नाही, मला पोरं नाहीत.  नव्या कोटासकट ती तिथेच फरसबंदीवर बसली आणि लेकाच्या दोन्ही पायांना मिठी मारली, आणि लोक वळसा घालून जात राहिले.