कागदावर नसलेलं मोहाचं झाड

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. कोणावर तापतं, ते पुढे कळेलच.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. गोंदिया जिल्ह्यात, कोहमाऱ्याच्या बाजूला महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावामागे मुरमाड सरकारी जागा होती, सातबाऱ्यावर ‘पडीक’. तिथे सौर प्रकल्प आला. धानाच्या मोटारीला दिवसा वीज मिळणार म्हणून गाव खूश होतं. ग्रामसभेत ठराव झाला, तारेचं कुंपण झालं, पॅनेल बसायला लागले.

मार्चमध्ये एका सकाळी प्रकल्पाचा सुपरवायझर तणतणत आला. “साहब, हमारा पूरा केबल जला दिया! ये साजिश है, साजिश!” आदल्या दिवशी गवत पेटून केबलची रिळं जळाली होती, काही पॅनेल काळे पडले होते. संशयिताचं नाव त्याने तयारच आणलं होतं. ठरावाच्या वेळी एकच माणूस उठून बोलला होता, तिशीतला एक शेतकरी. त्याच्या म्हाताऱ्या आईचं मोहाचं झाड कुंपणाच्या आत गेलं होतं. सावली पडते म्हणून कंपनी ते तोडणार होती. “मायच्या झाडाचं काय?” असं त्याने सभेत पुन्हा पुन्हा विचारलं, तरी ठराव मंजूर झाला.

कारण मिळालं, माणूस मिळाला. मी गुन्हा दाखल केला आणि त्याला आणायला हवालदार पाठवला. घटनास्थळी उपनिरीक्षक गेला. त्याने आणलेल्या पंचनाम्यावर मी खुर्चीत बसून सही ठोकली. ही माझी पहिली चूक.

प्रकल्पाचा चौकीदार त्याच गावचा होता. मी विचारलं, “काल कोणी परका माणूस आत आला होता?”

“नाही जी.”

“नीट आठव.”

“परकं कोनीच नाही आलं, साहेब.”

जबाब लिहून घेतला. ही दुसरी.

त्या शेतकऱ्याला समोर बसवलं. “मी नाही जी,” एवढंच तो जमिनीकडे पाहत म्हणत राहिला. मग मी म्हणालो, “तू नाही तर घरातलं दुसरं कोण? सगळ्यांना बोलवावं लागेल.” त्याने झटकन मान वर केली.

“मीच लावली आग. लिहून घ्या.”

“कशाने?”

“घासलेटनं.”

“घासलेट कुठून आणलं? रेशनवर तर मिळत नाही.”

त्याने दोन्ही हात बेडीसाठी पुढे केले. पुन्हा विचारलं तर म्हणतो, “मले का इचारून राहिले जी? कबूल केलं ना! टाका आत.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती. खरा गुन्हेगार शिक्षेची घासाघीस करतो. आत टाका म्हणून घाई करणारा माणूस कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी वैतागून पंचनामा पुन्हा उघडला. शेवटी एक ओळ होती: ‘झाडाखाली एक खराटा, निरुपयोगी.’

खराटा! अरे, कुंपण घातलेल्या प्रकल्पात झाडाखाली खराटा कोण ठेवतं? जीप काढली आणि सुपरवायझरला घेऊन जागेवर गेलो.

मोहाखाली गोल काळी जागा होती. कडेने स्वच्छ झाडलेली, मधोमध पाल्याची राख. एका बाजूने मात्र आग निसटून गवतात गेली होती आणि कंपनीने तिथेच उघड्यावर केबल टाकून ठेवली होती. ना घासलेटचा वास, ना डबा. मी कपाळावर हात मारून घेतला. माझी स्वतःची आई दरवर्षी हेच करायची. फुलं गळायला लागायच्या आधी झाडाखालचा पाला झाडून जाळायचा, म्हणजे पहाटे पडलेली फुलं मोकळ्या जमिनीवर दिसतात. हे मला ठाऊक होतं, आणि मी साजिश शोधत बसलो होतो!

चौकीदाराला बोलावलं. “काल म्हातारी आत आली होती?”

“आली होती ना जी. मीच गेट उघडून देलं.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“तुमी परकं इचारलं, साहेब. थे परकी हाय का?”

त्याच्यावर ओरडावं की स्वतःवर, कळेना.

ठाण्यात परतलो तर म्हातारी मुलाचा डबा घेऊन ओट्यावर बसलेली. मी काही विचारायच्या आत तीच बोलली. “पोराले सोडा जी. मीच पाला जाळला. हवा सुटली, लुगड्यानं मारून पाहिलं, नाही इझली. सासूनं हात धरून दाखवलं होतं थे झाड, हे आपलं म्हून. आता माह्यामुळं तोडतीन का जी?” मुलाची सुटका तिने मागितली, पण डोळ्यांत पाणी आलं ते झाडाचं नाव निघाल्यावर.

आग अपघाती होती. तसा अहवाल कोर्टात पाठवला, पोरगा सुटला. सुपरवायझर मात्र हटेना. “झाड तो कटेगा. रेकॉर्ड में है ही नहीं.” खरंच नव्हतं. सातबाऱ्यावर झाडांच्या रकान्यात ‘निरंक’. तीन पुरुष कवेत घेतील एवढं झाड, आणि कागदावर निरंक!

माझं डोकं फिरलं. मी मोजायचा टेप मागवला, पंच बोलावले आणि पुरवणी पंचनामा स्वतः लिहिला: मोहाचे एक जिवंत झाड, त्याचा घेर, आणि अमुक कुटुंब पूर्वापार फुले वेचते. प्रत तहसीलला धाडली. तिथल्या साहेबांचा लगेच फोन. “आगीच्या गुन्ह्यात झाडाचा घेर कशाला मोजला?” म्हटलं, “आग त्याच्याखाली लागली, म्हणून.” आता परवानगीशिवाय त्या झाडाला हात लावायचा तर आधी माझा पंचनामा खोटा ठरवावा लागला असता. महिनाभर कागद फिरले. शेवटी कंपनीने कुंपण आत घेतलं आणि झाड बाहेर राहिलं. वीजही आली.

या प्रकरणाने मला काही मोठं शिकवलं नाही. सही करण्याआधी जागेवर जावं आणि प्रश्न समोरच्याच्या भाषेत विचारावा, एवढंच. ते पहिल्या वर्षीच शिकायला हवं होतं, याचाच राग येतो.

निवृत्तीनंतर एकदा मोहाच्या दिवसांत सकाळीच तिकडे गेलो. म्हातारी वाकून फुलं वेचत होती, पलीकडे पॅनेल चकाकत होते. तिने ओळखलं.

“आता कायले आले जी? पुन्हा काई जळलं का?”

“नाही हो मावशी. पाहायला आलो.”

“पाहाले?” तिने टोपली माझ्याकडे सरकवली. “मंग उभे काऊन? इकडची बाजू वेचा.”

गुडघे कुरकुरले, पण बसलो.