वाचणारीनं रडू नये

ऐंशीच्या दशकात बाबांची नजर गेली आणि त्यांचं कादंबऱ्या वाचणं थांबलं. घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागला. मी ग्रंथालयातून कादंबरी आणली, कोणतं प्रकरण कॅसेटच्या कोणत्या बाजूला येईल याची यादी केली आणि टेपरेकॉर्डरसमोर बसून पहिली कॅसेट भरली. नायिकेचा आवाज बारीक, सासूचा जाड आणि मरणाच्या प्रसंगी हुंदकेसुद्धा.

बाबांनी अर्धी बाजू ऐकली आणि बटण दाबलं. "काऊन रडून राह्यली माय? रडाचं काम माह्यं हाय."

मला राग आला. "मंग कशी वाचू?"

"वर्षावासात विहारात ग्रंथ वाचते ना, तशी. तिथं कोनाचे आवाज काढते का?"

पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत बुद्धविहारात मी सावकाश, एका सुरात वाचत असे. त्या गतीला यादी जुळणार नव्हती; ती बाजूला ठेवली आणि तीच कॅसेट तशी पुन्हा भरली. या वेळी बाबा उठून बसले. दोन्ही बाजू संपल्यावर म्हणाले, "आता सासू सासूवानी वाटली. पुढचं आजच भर. आन् हे सरलं का दुसरी आन, जाडी पाहून."