पावणेदहाचा वर्ग

प्रिन्सिपॉलच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली, तेव्हा इथली कॉलेजं नुकतीच कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक सरकारच्या, हातून सुटून स्वतंत्र झाली होती. त्यामुळे टेबलापलीकडे शिक्षक कमी आणि धंद्यातली माणसं जास्त. त्यांतल्या एकाने विचारलं, तुमची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती? मी म्हटलं, "नऊचा एक वर्ग मी पावणेदहाला नेला." सगळे हसले. मी हसले नाही. मग त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि जागा मला दिली. साडी नेसणारी बाई ग्लासगोतल्या एका कॉलेजची प्रमुख झाली, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. विनय वगैरे मी इतरांसाठी ठेवला आहे.

ऐंशीच्या दशकात मी इथे आले ती डॉक्टरची बायको म्हणून. पुण्यात गणित शिकवत होते. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये भिंतीकडे बघत बसणं मला जमणारं नव्हतं. कॉलेजात संध्याकाळचे तास घेता घेता मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम माझ्याकडे आला. लहान वयातच शाळा सोडावी लागलेल्या, आता नर्स किंवा शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बायका त्यात येत. सुरुवातीला वर्ग भरलेला असे, नाताळपर्यंत अर्धा रिकामा. स्टाफरूममध्ये यावर एकच निदान होतं: कमिटमेंट नाही. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

एका वर्षी गणितात सगळ्यात हुशार असलेली बाईच यायची बंद झाली. तिशीतली, दोन मुलांची आई. तिला नर्स व्हायचं होतं, आणि गणितात पास झाल्याशिवाय नर्सिंगला प्रवेश नव्हता. महिनाभर आली नाही तर नाव कमी करायचं, अशी कॉलेजची पद्धत होती.

तेव्हा नेमका संक्रांतीचा महिना चालू होता. ग्लासगोत आम्ही मूठभर मराठी डॉक्टरांच्या बायका, पण हळदीकुंकवाचं बोलावणं फोनवर करायचं नाही, घरी जाऊनच करायचं, हा नियम बर्फातसुद्धा पाळत होतो. फोनवर बोलावलेली बाई विसरते. दारात येऊन बोलावलं की तिला नाही म्हणवत नाही. त्या शनिवारी बोलावणी आटपून परतताना मनात आलं, हिलाही असंच बोलवावं. इथे कोणी कुणाच्या दारात न कळवता जात नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी गेले.

सिल्कच्या साडीवर काळा ओव्हरकोट, हातात मोठी काळी बॅग, अशा थाटात मी त्यांचा जिना चढले. तिचा नवरा ज्या जहाजबांधणीच्या यार्डात कामाला होता, तो बंद पडल्यापासून घरी होता. त्याने दार किलकिलं करून माझा कोट आणि बॅग पाहिली आणि ठरवूनच टाकलं, की बायको गुपचूप कमावते का ते तपासायला मी बेकारभत्त्याच्या ऑफिसातून आले आहे.

"ती घरात नाही, आणि ती कुठे नोकरीही करत नाही!" तो ओरडला.

"मी तिच्या कॉलेजातून आलेय," मी म्हटलं, "आणि लाडू आणलेत."

यावर काय बोलावं ते न सुचून त्याने दार उघडलं. ती स्वयंपाकघरातच होती. चहा झाला, तिळाचे लाडू मुलांनी फस्त केले, आणि मग ती बोलली. मुलांची शाळा नऊला. त्यांना सोडून बस पकडली की पोचेपर्यंत साडेनऊ होऊन जात. गणिताचे आमचे ज्येष्ठ सहकारी नऊच्या ठोक्याला दार लावून घेत.

"दाराला काच आहे ना, तिच्यातून फळा दिसतो," ती म्हणाली. "मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून उतरवून घ्यायचे. मग येणारे-जाणारे बघायला लागले. लाज वाटली."

मला इतका राग आला की कप खाली ठेवावा लागला. नवऱ्याकडे वळून विचारलं, "मुलांना तुम्ही का नाही सोडत?" उत्तर तिनेच दिलं: आमच्या रस्त्यावर शाळेच्या गेटपाशी पुरुष उभे राहत नाहीत, सगळ्या बायकाच असतात. यार्ड गेल्यावर त्याच्याकडे फार काही उरलेलं नव्हतं. जे होतं त्यालाही मी हात घालत होते. म्हणून गप्प बसले. मला गप्प बसणं किती अवघड जातं, ते आमच्या घरी विचारा.

घरी मी वर्गाची वेळ बदलणार म्हणून जाहीर केलं. हे म्हणाले, "अगं, त्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये तू एकटी इंडियन. जरा लो प्रोफाइल ठेव ना."

"अहो, लो प्रोफाइल ठेवायला मी काय कुणाची चोरी केलीय?"

मीटिंगमध्ये गणिताचे सहकारी शिस्तीवर बोलले. चांगलं बोलले. ते ऐकून मी म्हटलं, "ही बाई सहाला उठते, दोन मुलांना खाऊपिऊ घालून, आवरून शाळेत पोचवते, मग बसने तुमच्या दारापर्यंत येते. शिस्त नक्की कोणाकडे कमी आहे?" खोल्यांची अडचण निघाली, ती सोडवली. शेवटी एका सत्रापुरती परवानगी मिळाली. सोमवारी पावणेदहाला ती पहिल्या बाकावर होती, आणि नाताळाआधी गळालेल्या आणखी काही जणीही. त्यांच्याही दारांशी मी जाऊन आले होते. वर्ग मेपर्यंत भरलेला राहिला. सहकाऱ्यांनी माझे आभार कधीच मानले नाहीत, पण दार लावणं सोडलं. मला तेवढं पुरलं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला त्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन माझ्या खोलीत आली. पास झाली होती, नुसती नव्हे, फर्मास. मी टेबलाला वळसा घालून तिला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी आलं ते लपवलं नाही. पण ती पुरती खूश दिसेना.

"नर्सिंगला जागा मिळतेय," ती म्हणाली. "पण वॉर्डवरची ड्यूटी सकाळी सातला सुरू होते. ती काही तुम्हाला पावणेदहाला नेता यायची नाही."

खरंच नव्हती येत.

"पोरांना मी सोडीन," दाराशी उभा असलेला नवरा म्हणाला.

ती गर्रकन वळली. "गेटपाशी? सगळ्या बायकांत?"

तो कानापर्यंत लाल झाला होता, पण नजर खाली केली नाही.

"हो," तो म्हणाला. "बायकांत."