पेटीला हात लावू नये

विज्ञानाची पेटी शाळेत आली त्या दिवशी हेडमास्तरांनी तिला हार घातला, नारळ फोडला आणि कुलूप लावून ती आपल्या खोलीत ठेवली. पुढे तिच्यावर पाण्याचा माठ ठेवायला लागले. पेटीची उंची माठासाठी अगदी सोयीची होती.

तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरकडच्या एका गावातली सातवीपर्यंतची मराठी शाळा. सहावी-सातवीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे होतं. मी स्वतः कला शाखेची, पण त्या विषयांना कोणी मिळत नव्हतं आणि मी नवी होते, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडले. प्रकाशाचा धडा मी घरून पाठ करून जायची आणि वर्गात मुलांकडून पाठ करून घ्यायची. भिंगाने सूर्यकिरण एकवटले की कागद जळतो. म्हणा पुन्हा.

एक दिवस सातवीतल्या एका मुलीनं ते म्हटलंच नाही. तिनं विचारलं, "बाई, खरंच जळते का कागद? तुमी पायलं का?"

"नाही."

"मंग तुमाले कसं मालूम?"

मधल्या सुट्टीत मी हेडमास्तरांसमोर उभी राहिले. त्या पेटीत भिंग आहे हे पेटीवरच्या चित्रात दिसत होतं.

"पेटी उघडून द्या, सर."

"ट्रेनिंग झाल्याबिगर हात लावता येत नाही बाई. वरून हुकूम हाय."

"मग मला ट्रेनिंगला पाठवा."

"मास्तर जातात ना दरसाली."

मास्तर म्हणजे खेळाचे मास्तर. विज्ञानाचं असो की गणिताचं, निर्मलच्या प्रत्येक ट्रेनिंगला तेच जात, कारण त्यांची सासुरवाडी निर्मलला होती. परत येताना मुलांसाठी रंगवलेली लाकडी खेळणी आणि ट्रेनिंगची कापडी पिशवी घेऊन येत. काय शिकवलं म्हणून मी एकदा विचारलं होतं. "लई चांगलं होतं बाई," ते म्हणाले, "वांग्याची भाजी तर अशी होती!"

"तुमी बाईमाणूस," हेडमास्तर म्हणाले, "निर्मलले राहसान कुठं?"

"मास्तर राहतात तिथं."

"ते सासऱ्याकडं राहतात."

"मग मी पण त्यांच्या सासऱ्याकडं राहीन."

खेळाचे मास्तर दारातच उभे होते. त्यांना ठसका लागला. त्या वर्षी मी गेले. राहिले एका लांबच्या मावशीकडे.

पहिल्या दिवशी सकाळी आम्हा बायकांच्या हातात रांगोळीचे डबे दिले. उद्घाटनाला अधिकारी येणार होते. मी म्हणाले, मला रांगोळी येत नाही. ते खोटं नव्हतं. आईवडील उजाडायच्या आत दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जात, आमच्या अंगणात रांगोळी घालायला कोण बसणार होतं? मग माझ्या हातात फितीच्या कात्रीचं तबक दिलं. साहेब दुपारी आले. तोवर मी तबक धरून उभी. पुरुष शिक्षक सावलीत बिड्या ओढत होते.

ट्रेनिंग सगळं तेलुगूत. शिकवणारे सार, म्हणजे सर, म्हणाले, "मराठीवाले मागे बसा, फळ्यावरचं उतरवून घ्या." बाजारात भाजी घेण्यापुरतं तेलुगू मला येत होतं, पण अपूर्णांकांचा भागाकार त्यात मावत नव्हता. दर थोड्या वेळानं सार विचारत, "अर्थमैंदा?" समजलं का? सगळा हॉल एका सुरात ओरडे, "अर्थमैंदी सार!" आमचे मराठी शिक्षकही ओरडत. माझ्या शेजारच्या गुरुजींना मी विचारलं, काय समजलं? ते म्हणाले, "बाई, गप बसा ना. चहा येऊन राह्यला."

विज्ञानाच्या दिवशी सारांनी टेबलावर पेटी आणून ठेवली. सुतळीनं बांधलेली, लाखेचं सील लावलेली. मग फळ्याकडे वळून त्यांनी खडूनं पेटीचं चित्र काढलं. आत काय काय आहे ते बाणांनी दाखवलं. अर्थमैंदा? अर्थमैंदी सार!

मी उठून पुढे गेले. सारांशी हिंदीतच बोलावं लागायचं.

"सार, पेटी खोलिए ना."

"नहीं मेडम. सील सही-सलामत वापस करना है."

एवढ्या लांबून मी फळ्यावरची पेटी बघायला आले होते. उद्घाटनाची कात्री अजून टेबलावरच होती. मी सुतळी कापली.

"मेडम! सील तोड दिया!"

"सार, पढ़ाना बच्चों को है, सील को नहीं."

मग बाकं वाजली आणि सगळे टेबलाभोवती आले. तेलुगूवाले काय अन् मराठीवाले काय, सगळ्यांना हात लावायचा होता. मी भिंग खिडकीपाशी नेलं, सुतळीच्या टोकावर ऊन धरलं. धूर निघाला. सारांनी लोलक उचलला आणि चेंडू धरावा तसा मुठीत धरला. त्यांनीही तो कधी हातात घेतलेला नव्हता. तो माणूस गरीब होता, मला त्याचा राग आला नाही. राग आला तो संध्याकाळी. त्यानं माझी तक्रार लिहून वर पाठवली होती.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. शेजारच्या चहावाल्या गुरुजींनाही मिळालं. माझं रोखून ठेवलं.

"सर्टिफिकेट कुठं हाय?" परतल्यावर हेडमास्तरांनी विचारलं.

"नाही दिलं. मी पेटी उघडली म्हणून."

"मंग तुमी ट्रेन झाल्या नाही," ते म्हणाले. "आता पेटी कशी देऊ मी?"

हे बोलताना त्यांना हसू आलं नाही. त्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त चीड कशाची आली असेल तर ह्या न हसण्याची.

पुढच्या आठवड्यात ते मीटिंगसाठी तालुक्याच्या गावी, बोथला गेले. पेटीची किल्ली खिळ्याला लटकत होती, कायमच असायची. लपवायची गरजच कोणाला वाटली नव्हती. मी माठ खाली ठेवला, पेटी उघडली, भिंग घेतलं आणि सातवीला उन्हात बसवलं.

भिंग त्या मुलीच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं.

"एवढंच व्हय, बाई?"

"एवढंच."

वर्तमानपत्राचा कागद काळ्या अक्षरांपासून जळाला. ज्वारीचं वाळलं पान जळालं. मग कोणीतरी शेजारच्या शेतातून कापूस तोडून आणला. तो काही केल्या जळेना.

"कापूस काऊन नाही जळत?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं आणि निर्मलला फळ्यावर काढलेल्या पेटीत तर नव्हतंच. अख्ख्या तालुक्यात मराठीतून विचारावं असं माणूस मला ठाऊक नव्हतं. मी मुलांना तेच सांगितलं, आणि म्हणाले, उद्या शोधू.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक गोष्ट करून पाहिली. कापूस दाबून, पिंजून, तेल लावून. शेवटी त्याच मुलीनं चुलीतल्या काजळीत कापूस घोळवला. काळा कापूस लगेच धुमसायला लागला. पांढऱ्यावरून ऊन परत जातं, काळं ते पिऊन घेतं, हे आम्ही सगळ्यांनी मिळून तेव्हा समजून घेतलं. मी शिकवायला लागले ती त्या दिवशी.

धुराच्या वासानं हेडमास्तर बाहेर आले. भिंग पाहिलं. "फुटंल ना बाई ते!"

"फुटू द्या," मी म्हणाले, आणि माठासाठी दुसरी जागा बघायला सांगितली.

पुढच्या वर्षी निर्मलला विज्ञानाचं ट्रेनिंग होतं. खेळाचे मास्तर गेले.