गोडंबीचं मडकं

माणसांवर पटकन विश्वास ठेवणं मला जमत नाही. हा स्वभाव मी माहेरून आणला की तो सासरी लागला, यावरून माझा आणि माझ्या मुलीचा अजूनही वाद होतो. ती म्हणते, तू जन्मतःच तशी. मी म्हणते, पाथर्डीकडच्या त्या घरात दुष्काळाचं एक वर्ष काढून बघ आणि मग बोल.

माझं माहेर नगर शहरातलं. नवरा नागापूरच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. तिथे खोली मिळेपर्यंत मी गावी राहायचं, असं लग्नातच ठरलं होतं. गावच्या घरात सासू, मोठे दीर आणि थोरली जाऊ. दीर सकाळीच खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जात. नवरा सुट्टीला एस.टी.नं यायचा आणि सासूशी बोलण्यातच त्याची अर्धी सुट्टी संपायची. एरवी दिवसभर घरात आम्ही तिघी बाया, आणि प्रत्येकीची नजर दुसरीच्या हाताकडे.

त्या साली शेतात काही म्हणजे काही नव्हतं. ज्वारी वितीएवढी होऊन करपली. पण बांधावरची बिब्ब्याची झाडं मात्र लगडली होती. ती माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेली. लावली म्हणजे काय, डोंगरातून रोपं आणून बांधाच्या कपारीत रोवली, सुरुवातीला काट्याकुट्यांनी शेरडांपासून राखली आणि मग देवावर सोडून दिली. या झाडाला पाणी मागायची सवय नाही. पौष-माघात त्याला नारिंगी फळं येतात आणि प्रत्येक फळाच्या टोकाला एक काळाकुळकुळीत बिब्बा लटकतो. फळ चुलीतल्या आरात, निखाऱ्यांवर भाजून खायचं. पण खरी किंमत त्या काळ्या बिब्ब्याच्या पोटातल्या गराची. त्याला गोडंबी म्हणतात. लोक तिला बदामाची गरीब बहीण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. बदाम तिच्यापुढे अगदीच बेचव.

पण गोडंबी सुखासुखी हाती लागत नाही. बिब्ब्याच्या टरफलात काळं, जहाल तेल असतं. परीट कपड्यावर न पुसणारी खूण करतात ती याच तेलानं. ते कातडीला लागलं की फोड येतात, सूज येते, आग आग होते. याला आमच्याकडे बिब्बा उतणं म्हणतात. कुणाला नुसत्या वाऱ्यानं उततो, तर कुणाला आयुष्यभर काही होत नाही. सासू त्या दुसऱ्या जातीची. बिब्ब्यानं तिच्यापुढे हात टेकले होते. आता तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून फोडायचं काम जावेकडे आलं होतं, आणि जावेला तर दरवर्षी हमखास उतायचं.

तरी ती फोडायचीच. बिब्बे उन्हात वाळवून राखेत घोळायची. मग करडईचं तेल आणि राख हाताला चोपडून, पदरानं डोळ्यांपर्यंत तोंड बांधून अंगणात बसायची. खळगा असलेल्या दगडात बिब्बा उभा धरायचा आणि वरून एकच घाव. घाव जोरात बसला तर गराचा भुगा होतो, हळू बसला तर तेलाची चिळकांडी उडते. निघालेली गोडंबी पुन्हा राखेत चोळायची, कढत पाण्यानं धुवायची, वाळवायची. दिवसभर बसलं की ओंजळभर निघायची. संध्याकाळी जाऊ बोटांवरचे फोड खोबरेल लावून बघत बसे आणि मला वाटे, ही एवढं कुणासाठी करते?

नणंदेसाठी करत होती. नणंद पहिल्या बाळंतपणाला वैशाखात येणार होती. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात गोडंबी नसेल तर सासूच्या मते ते लाडूच नव्हेत. एरवी जावई आला की भाजलेली गोडंबी काळ्या मसाल्यात वाटून तिचं दाटसर कालवण व्हायचं, सणाला शिऱ्यात पडायची. त्या वर्षी सगळं बंद. उतरंडीतलं एक मडकं गोडंबीनं भरत आलं होतं, त्याच्यावर झाकण आणि झाकणावर जावेचा डोळा.

फाल्गुनात मला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या. मी काही बोलायच्या आत सासूनं ओळखलं. जाऊ पाण्याला गेली होती. विहीर लांब होती, त्यामुळे ती एकदा गेली की लवकर परतत नसे. सासू माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आ कर."

मी आ केला. तिनं माझ्या तोंडात एक ओलसर गोळा कोंबला. गोड होता, वेलदोड्याचा वास होता, पण आत वाटलेलं काय होतं ते मला ओळखू येईना.

"हे काय आहे, आत्याबाई?"

"गिळ. इचारू नगं. आन थोरलीला बोलू नगं. ह्ये बी न्हाई, पोटातलं बी न्हाई."

मग हे रोजचंच झालं. जाऊ हंडा घेऊन निघाली की सासू हजर. गोळा पोटात टिकायचा हे खरं, पण माझ्या मनात नाही नाही ते येई. ही मला काय चारतेय? मुलगाच व्हावा म्हणून कुणाकडून आणलेलं काही असेल का? शहरात असल्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. नवऱ्याला सांगावं, तर तो आईच्या बाजूचा. थुंकून टाकावं, तर ती घोट उतरेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राही.

अशात एक दिवस जावेनं उतरंड काढली, मडक्यात हात घातला आणि तशीच थांबली.

"मडकं खाली गेलंय," ती म्हणाली.

"उंदरं आसत्याल," सासू चुलीपुढून म्हणाली.

"उंदरं झाकन लावून जात न्हाईत, आत्याबाई."

तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती आणि म्हणूनच मला कळलं की संशय माझ्यावर आहे. घरात नवी मी, शहरातून आलेली मी, भाकरी टाकून उठणारी आणि तरीही न वाळणारी मी. मला भयंकर राग आला. मी गोडंबी तोवर चाखलीसुद्धा नव्हती, निदान असं मला वाटत होतं. उलट मला जावेचाच संशय आला. हिनंच काढून माहेरी धाडली असेल आणि आता आळ माझ्यावर ढकलतेय. त्या दिवसापासून ती माझ्या ट्रंकेकडे बघायची आणि मी तिच्या गाठोड्याकडे.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी गोळा खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या. दुपारी ओठ जड झाले. दुसऱ्या दिवशी उठले तर ओठ सुजून पालथे पडलेले, हनुवटीवर बारीक फोड आणि एक डोळा मिटलेला. जाऊ पाणी घेऊन आली. डोक्यावरचा हंडा तिनं सावकाश उतरवला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "घावला चोर."

मला धड बोलताही येईना.

"वरल्या गोडंबीला म्या बिब्ब्याचं तेल चोळून ठिवलं हुतं," ती म्हणाली. "म्हनलं, खानाराचं त्वांडच सांगंल. माज्या हाताला फोड आलं ते तुजी चैन व्हावी म्हून व्हय गं? येऊ देत भावजींना. न्या म्हनावं हिला नगरला, आईबापाकडं, आन ठिवा तितंच."

ती हे नुसतं रागानं बोलत नव्हती. चोर म्हणून एकदा माहेरी धाडलेली सून परत आणायला कुणी लवकर जात नाही, हे त्या घरात मलाही ठाऊक होतं. मी माझे दोन्ही हात तिच्यापुढे धरले. हात स्वच्छ होते. एक फोड नव्हता.

 तिनं माझे हात उलटेसुलटे करून बघितले. मडक्यात हात न घालता कुणाचं तोंड कसं उतेल, हे तिला उमगेना. आणि त्या घरात बिब्ब्याचं तेल लागूनही ज्याला काही होत नाही, असा हात एकच होता. आम्ही दोघींनी एकदमच सासूकडे बघितलं.

सासू पीठ मळता मळता थांबली होती.

"तेल चोळलंस?" तिनं विचारलं. "कच्चं तेल?"

"व्हय."

सासूनं पिठाचेच हात कपाळावर मारले. "आगं, पोटूशी हाय ती! म्या भरवली. दुदात भिजवून, खडीसाखर घालून रोज म्याच भरवली. काय केलंस गं थोरले, ह्ये काय केलंस!"

बिब्बा फार उष्ण. तो कच्चा पोटात गेला तर गर्भ टिकत नाही, असं तिकडच्या सगळ्या बाया मानतात. गरोदर बाईला खरं तर गोडंबीही देत नाहीत. सासूनं ती दुधात भिजवून थंड करून घेतली होती, आपल्या हिशेबानं. आता तिचा हिशेब आणि जावेचा सापळा दोन्ही माझ्या पोटात होते. मी पोटावर हात दाबून धरला. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

 जाऊ म्हणाली, "कवापासनं?"

"दुसरा लागलाय."

"आन मला सांगितलं न्हाई."

 का सांगितलं नाही, ते तिघींनाही माहीत होतं. जावेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. अशा बाईची नजर लागते म्हणून गावातल्या पोटुश्या बाया तिला बघून पदर सारखा करत. तिच्या स्वतःच्या घरातही तेच चाललं होतं, एवढंच तिला त्या सकाळी कळलं.

ती आत गेली, खोबऱ्याची वाटी आणली, चावून चावून त्याचा लगदा केला आणि माझ्या ओठांना लावू लागली. सासूनं तिच्या हातातला लगदा काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. म्या लावते."

सूज चार-सहा दिवसांत ओसरली. रक्तस्राव झाला नाही, गर्भ टिकला. संशय मात्र ओसरला नाही. सासू येता-जाता पुटपुटायची, तिला समदं ठावं हुतं, ओकाऱ्या दिसत न्हवत्या व्हय तिला? आणि ते माझ्याही डोक्यात घर करून बसलं. जावेची नजर तिखट. मडकं बोटभर खाली गेलेलं जिला कळतं, तिला माझ्या ओकाऱ्या कळल्या नसतील? ती वाढायला आली की मी आधी ताट हुंगायचे. हे तिच्या लक्षात आलं. मग ती मला वाढायचीच बंद झाली. वैशाखात नणंद आली, बाळंत झाली. त्या उरलेल्या गोडंबीचे लाडू सासूनं एकटीनं वळले. जाऊ तेव्हा शेणी थापत होती.

बाळंतपणाला मी नगरला गेले. कार्तिकात मुलगी झाली. माघात तिला घेऊन सासरी आले तेव्हा जाऊ अंगणातच बसली होती. पदरानं तोंड बांधलेलं, पुढ्यात दगड, बाजूला फोडलेल्या बिब्ब्यांचा ढीग. तिचा घाव थांबला. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीच्या डोळ्याला पाणी लावलं आणि म्हणाली, "थोरले, येक बिब्बा दे बरा बगून. दोऱ्यात ववून पोरीच्या कंबरंला बांदायचाय."

काळ्या दोऱ्यातला बिब्बा कशासाठी बांधतात हे सांगायची गरज नव्हती. नजर लागू नये म्हणून. आणि कुणाची, हेही.

जावेनं ढिगातला एक बिब्बा निवडला. सुई चुलीत लाल करून त्यातून आरपार काढली, सुटलेलं तेल राखेनं पुन्हा पुन्हा टिपून घेतलं. मी तिच्या बोटांवरची नजर हलू दिली नाही. तेल ठेवते की काय, हेच मी बघत होते. तिनं दोरा ओवून सासूच्या हातात दिला आणि स्वतः मागे सरून गोठ्याच्या कुडाकडे तोंड करून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

सासूनं दोरा बांधला. मी पोरीला उचललं आणि जावेजवळ गेले.

"घ्या," मी म्हणाले.

"आगं धाकटे—" सासू मागून म्हणाली.

"हात बिब्ब्याचं हायेत," जाऊ कुडाकडेच बघत म्हणाली. "थांब."

तिनं हाताला तेल चोळलं, राख चोळली, हात धुतले, पुन्हा राख लावून धुतले, पदराला पुसले. मग हात पुढे केले, पण मान फिरवलेलीच ठेवली. मी पोरीला तिच्या हातात दिलं. तशीच, न बघता, तिनं चाचपत चाचपत पोरीच्या कमरेचा दोरा शोधला. बिब्बा आत, उघड्या पोटावर आला होता. तिनं तो वर ओढून झबल्याच्या बाहेर काढला आणि खाली कापडाची घडी सारली.

"अंगाला घासू दिऊ नगं," ती म्हणाली. "उतंल."

"जाऊबाई," मी म्हणाले, "बघा तरी तिच्याकडं."

ती हलली नाही. मग पोरीनं तिच्या तोंडावरचा पदर धरून ओढला, आणि तिनं बघितलं.