पान सातवर छापलेलं माझं पत्र

शुक्रवारचा तिसरा तास. आमच्या क्लास टीचर नीलम मॅमनी स्मार्ट बोर्डवर शाळेचं 'परिवार पत्र' उघडलं आणि पान सातवर माझं अक्षर दिसलं.

माझंच. निळ्या जेल पेनचं. 'ळ' काढताना मी पोट जरा जास्तच मोठं करते, ते पोट. बोर्डभर मोठं झालेलं.

कागदाचा फोटो तिरका टाकला होता. कडेने गुलाबी फुलं रंगवलेली. नाव नव्हतं. 'आठवीची एक विद्यार्थिनी' एवढंच, इंग्रजीत. पण आठवीच्या चारही तुकड्यांत मराठी लिहिणारी मुलगी एकच होती.

सगळ्या माना मागे वळल्या.

मराठी त्यांना येत नव्हतं. पण अक्षरं तर हिंदीचीच. फोटोत चारच ओळी मावल्या होत्या, आणि त्यातल्या दुसऱ्या ओळीतला एक शब्द दोन्ही भाषांत तोच आहे. पुढच्या बाकावरच्या ईशानने तो मोठ्याने वाचला.

"झाडू।"

मग मागून कुणीतरी. मग खिडकीकडून. "झाडू! झाडू!"

नीलम मॅम कुणावर रागावल्या नाहीत. "चलो, शांत," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "क्लॅप फॉर हर. कितना अच्छा लिखा है।"

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

ते पत्र मी नीलम मॅमबद्दलच लिहिलं होतं.

माझे बाबा दिल्लीत एका मंत्रालयात शिपाई आहेत. आता त्या पदाला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण फाइली उचलणं आणि पाणी देणं तेच. आम्ही मूळचे नांदेडकडचे. मी जन्मले मात्र दिल्लीत, सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत. शाळा मोठी, इंग्रजी माध्यमाची. मला तिथे जागा मिळाली ती जातीच्या दाखल्यावर. घरी आम्ही बौद्ध. दाखल्यावर जुनी जात लिहावी लागते. तो दाखला माझ्या फाइलीत होता आणि फाइल क्लास टीचरच्या कपाटात.

त्या वर्षी वार्षिक समारंभात आमच्या वर्गाचं नाटक होतं. एका शहराची गोष्ट. डॉक्टर, पायलट, पोलीस, दुकानदार. एक सूत्रधार. मला सूत्रधार व्हायचं होतं. सगळ्यांचे संवाद मला पाठ होते, आत्ता विचारलेत तरी पहिलं पान म्हणून दाखवीन. मी हात वर केला. नीलम मॅमनी यादीवरून मान वर न करता सांगितलं,

"तू झाडू वाला रोल कर ले। तुम्हारे यहाँ तो सबको आता होगा।"

तुम्हारे यहाँ.

माझे आजोबा तलाठी ऑफिसात कारकून होते. हे मला तेव्हा बोलायचं होतं. बोलले नाही. आणि आज वाटतं, ते बोलले असते तरी चूकच झाली असती. आजोबा झाडूवाले असते तर काय ते वाक्य बरोबर ठरलं असतं?

माझ्या शेजारी तन्वी बसायची. पाचवीपासूनची मैत्रीण. तिने ऐकलं. बाकाखाली माझा हात दाबला.

मी कुणाला सांगितलं नाही. पण माझं जेवण कमी झालं, चाचणीत मार्क घसरले, आणि मला काउन्सेलरकडे पाठवलं गेलं. म्हणजे अनघा मॅमकडे.

अनघा मॅम मराठी होत्या. पुण्याच्या. सुती साड्या, खोलीत कुंड्या, भिंतीवर 'इथे सगळं बोलता येतं' असं इंग्रजीत. पहिल्याच दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण दोघी मराठीत बोलू या हं. इथे आपलं कोण आहे गं दुसरं?"

शाळेच्या आवारात कुणी मला मराठीत 'गं' म्हणालं नव्हतं. मला रडूच आलं.

माझं मराठी तुटकं. मध्ये मध्ये हिंदी. त्या हसायच्या नाहीत. अडले की शब्द द्यायच्या. मी म्हणाले, "मॅम, ते असं... नीचा दिखाना म्हणतात ना, तसं." त्या म्हणाल्या, "हिणवणं. त्याला हिणवणं म्हणतात." तो शब्द मला त्यांनी दिला.

मग म्हणाल्या, "लिहून काढ सगळं. मराठीतच लिही, मोकळं वाटेल. तुझं पत्र माझ्याजवळ राहील. फक्त माझ्याजवळ."

मी दोन पानं लिहिली. नीलम मॅमचं वाक्य जसंच्या तसं, हिंदीत. फाइलीचं. दाखल्याचं. शेवटी लिहिलं, 'मला झाडूची लाज वाटत नाही. मॅमनी माझी जात बघून रोल दिला, त्याचा राग येतो.'

अनघा मॅमनी माझ्यासमोर वाचलं. डोळे पुसले. मला जवळ घेतलं. "मी बघते," म्हणाल्या.

तीन आठवडे गेले. आणि मग तो शुक्रवार.

'परिवार पत्र' दर महिन्याला सगळ्या पालकांच्या फोनवर जायचं. मुलं काय शिकली, विज्ञान प्रदर्शन, योगासनं, डब्यात बाजरी आणायचा दिवस. शेवटी एक पान मनाच्या आरोग्याचं. ते पान अनघा मॅम करायच्या.

फोटोखाली इंग्रजीत माझ्या पत्राचं भाषांतर होतं. मी ते टाळ्या थांबल्यावर वाचलं. त्यात मी म्हणत होते की मला नाटकात छोटी भूमिका मिळाली म्हणून आधी वाईट वाटलं. मग शाळेच्या काउन्सेलरनी मला समजावलं. आता मला कळलंय की कोणतीही भूमिका छोटी नसते. माझ्या टीचर्सची मी आभारी आहे.

मी असं काही लिहिलं नव्हतं. एक ओळही नाही.

शाळेत ते खोटं आहे हे ओळखू शकेल अशी दोनच माणसं होती. एक मी. एक त्या.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं त्यांनी.

"मॅम, हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, भावार्थ तोच आहे. पॉझिटिव्ह करून मांडलं. पालक वाचतात ना. तुझं नाव कुठे दिलंय?"

"वर्गात सगळे मला झाडू म्हणतायत."

"दोन दिवसांत विसरतील." मग हळूच, "आणि तुझ्या भल्यासाठीच केलं गं. नीलम मॅमशी वाकडं घेऊन तुला इथे राहता आलं असतं का?"

तो 'गं' मला चिकट लागला. कानात बोट घालून पुसून काढावासा.

घरी गेले तर बाबा खूश. 'परिवार पत्र' त्यांच्या फोनवर आलं होतं. त्यांना इंग्रजी जेमतेम, पण पोरीचं अक्षर त्यांनी ओळखलं होतं. ऑफिसात साहेबापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना दाखवलं होतं. साहेबांनी पेढे मागितले, म्हणाले. टेबलावर खरंच पेढ्यांचा बॉक्स होता, करोल बागेतून आणलेला.

मी आधी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. मग मी मुळात काय लिहिलं होतं ते सांगितलं. मला ते पाठ होतं.

बाबांनी फोन उलटा करून ठेवला. म्हणाले, "मी सगळ्यांना दाखवलं गं बाळा."

मग म्हणाले, "जाऊ दे. बारावीपर्यंत काढायचं आहे तिथं."

आई भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली. "काढायचं म्हणजे काय? पोरीच्या तोंडचं बदलून छापलंय त्यांनी. आज हे. उद्या तिच्या नावावर काय काय लिहितील, तुम्ही पेढे वाटत बसाल?"

सोमवारी बाबांनी अर्धी रजा टाकली. शाळेच्या रिसेप्शनवर उभं राहून, हात जोडूनच, त्यांनी विचारलं, "बच्ची से बिना पूछे कैसे छाप दिया?" त्यांना सांगितलं, कळवू.

दुसऱ्याच दिवशी अनघा मॅमनी मला बोलावलं. टेबलावर छापील फॉर्म. विद्यार्थिनीचा मजकूर 'परिवार पत्रा'त छापायला आणि त्यात गरजेप्रमाणे बदल करायला माझी परवानगी आहे, असा.

"इथे सही कर. तारीख टाकू नकोस, ती मी टाकते. बाबांचीही सही घेऊन ये."

मी फॉर्म पुन्हा वाचला. त्यांनी पेन पुढे केलं. मी माझं काढलं.

सहीच्या जागी मी लिहिलं. मराठीत, आणि खाली हिंदीत. 'मला कुणी विचारलं नव्हतं. छापलेलं भाषांतर खोटं आहे. माझं पत्र मला परत द्या.' मग माझं पूर्ण नाव. आडनावासकट. आणि त्या दिवसाची तारीख.

"हे काय केलंस तू?" अनघा मॅम म्हणाल्या. मग पहिल्यांदाच माझ्याशी हिंदीत बोलल्या. "जाओ क्लास में।"

गुरुवारी प्रिन्सिपल सरांनी आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांना बोलावलं. नीलम मॅम होत्या. अनघा मॅम होत्या. नीलम मॅम म्हणाल्या, असं वाक्य त्या बोललेल्याच नाहीत. मी म्हणाले, तन्वीने ऐकलंय. तन्वीला आणलं गेलं. ती दारातच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

"मैंने नहीं सुना, सर।"

पत्राचं विचारलं. अनघा मॅम म्हणाल्या, मूळ कागद सापडत नाही.

सर बाबांकडे वळले. आवाज अगदी मऊ. "देखिए, बच्ची यहाँ एडजस्ट नहीं हो पा रही। आप लोगों का तो पहाड़गंज में मराठी स्कूल है ना? वहाँ कम्फर्टेबल रहेगी। हम टीसी आज ही बनवा देंगे।"

बाबांनी मान खाली घातली. मला माहीत होतं ते आता काय म्हणणार. ते आयुष्यभर ऑफिसात तेच म्हणत आले होते. जी सर.

त्यांच्या आधी मी बोलले.

"सर, लिखकर दे दीजिए।"

"क्या?"

"कि मुझे क्यों निकाल रहे हैं। कारण लिखकर, साइन करके दे दीजिए। मैं चली जाऊँगी।"

आईला हिंदी नीट येत नाही, पण ती खुर्चीत सरळ बसली. सर हसले, पाणी प्यायले. म्हणाले, काढायचं कोण म्हणतंय, आम्ही तर सुचवत होतो.

लिहून काही दिलं नाही. देणारच नव्हते.

यानंतर काही चांगलं झालं, असं नाही. पान सात कुणी मागे घेतलं नाही. नीलम मॅम तिथेच राहिल्या. नाटक झालं. त्यात मी नव्हते. झाडूचा रोल कोट्यातल्याच दुसऱ्या मुलीला दिला. मी तिला सांगितलं होतं, घेऊ नकोस. ती म्हणाली, "तेरी तरह मेरे पापा सरकारी नहीं हैं।" तिच्यावर मला रागावता आलं नाही. तन्वीने नंतर वहीत चिठ्ठी ठेवली, सॉरीची. मी ती उघडी तिच्या बाकावर परत ठेवली. अनघा मॅम त्या वर्षाअखेर गुडगावच्या एका मोठ्या शाळेत गेल्या.

मी गेले नाही. टीसीची गोष्ट पुढे दोनदा निघाली, एकदा नववीत, एकदा दहावीनंतर. दोन्ही वेळा मी तेच मागितलं. दोन्ही वेळा गोष्ट तिथेच संपली. बारावी मी त्याच शाळेतून केली.

आता मी कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात अनघा मॅमचा मेसेज आला. त्या शिक्षकांसमोर कुठेतरी बोलणार होत्या, मुलांच्या मनाच्या आरोग्यावर. 'आपला प्रवास सांगितला तर चालेल ना गं? नाव नाही घेणार.'

लोक म्हणतात, लहान गोष्ट होती, त्यांचीही नोकरी होती, सोडून दे. आई मात्र तसं म्हणत नाही.

मी मॅमना लिहिलं, 'चालणार नाही. बोललात तर मी तिथे येईन आणि माझ्या नावानिशी, नीलम मॅमच्या आणि तुमच्या नावानिशी सगळं सांगेन.'

त्यांनी वाचलं.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.