पिशवीवरची बाई

इतक्या वर्षांनंतरही ती केस माझ्या मनातून गेलेली नाही. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मी तिथं फौजदार होतो. आमच्या पोलीस ठाण्याला धड इमारत नव्हती. भाड्याच्या दोन खोल्यांत कारभार चाले. त्यात दुष्काळ. तक्रारी येत त्या बहुतेक टँकरवरच्या मारामाऱ्यांच्या. म्हणून एक शिक्षिका कापडी पिशवी घेऊन आली, तेव्हा ठाणे अंमलदाराला वाटलं, चोरीचा माल सापडला असावा.

"चोरीच हाय," बाई म्हणाल्या. "पिशवीची न्हाई, चित्राची."

पिशवीवर डोक्यावर घागर घेतलेल्या म्हातारीचं चित्र छापलेलं होतं. हनुवटीवर गोंदण, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खूण. बाई किनवटच्या वसतिगृहाच्या शाळेत चित्रकला शिकवत. चित्र त्यांनी आईला समोर बसवून काढलं होतं. नांदेडच्या एका दलालाला ते कॅलेंडरवर छापायला दिलं, तेवढ्यापुरतंच आणि तोंडी बोलीवर. मूळ चित्र त्याच्याकडेच राहिलं आणि इकडे आई वारली. तिचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता. सुट्टीत गावी जाताना लातूरच्या बसस्थानकाबाहेर आईचा चेहरा हुकांवर ओळीनं टांगलेला दिसला.

"लोकं तिच्यात कांदे भरून राहिले, साहेब," त्या म्हणाल्या.

असा गुन्हा आमच्याकडे आजवर नोंदवला गेला नव्हता. सरकारी वकिलांकडून कॉपीराइट कायद्याचं पुस्तक आणून वाचलं, फिर्याद घेतली आणि बसस्थानकाबाहेरच्या त्या दुकानातून पंचांसमक्ष पिशव्या जप्त केल्या. दुकानदार हादरला.

"चित्र म्या विकत घेतलंय, साहेब. घेतलं म्हंजे माझं झालं की! मग पिशवीवर छापीन, न्हाई तर चादरीवर."

"कुणाकडून घेतलं?"

त्यानं त्याच दलालाचं नाव सांगितलं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता. लग्नसराईसाठी त्यानं होते नव्हते ते पैसे या पिशव्यांत घातले होते.

नांदेडहून दलालाला चौकशीला आणलं. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. "कल्पनाचित्र आहे, साहेब. मीच काढलं. अशी बाई कुठंच नाही."

"शिक्षिका म्हणतात, ती त्यांची आई."

"कुठल्याही म्हातारीला कुणीही आई म्हणेल."

दोघांचाही नुसता शब्द. मग मी पिशवी घेऊन शिरूर अनंतपाळच्या बाजूला बाईंच्या गावी गेलो. त्यांना मुद्दाम सोबत नेलं नाही. टँकरपाशी बायकांची रांग लागली होती. मी काही न सांगता पिशवी समोर धरली.

"अगं बया! ही तर मास्तरणीची माय!" एकजण ओरडली. दुसरीनं भुवईवर बोट ठेवलं. "इथं इळा लागला व्हता तिला, रानात. म्याच हळद भरली व्हती."

पाटलांपासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांनी ओळखलं. जबाब घेऊन परतलो आणि दलालाला एवढंच विचारलं, "तुझ्या कल्पनेतल्या बाईला अख्खं गाव कसं ओळखतं?"

त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं. हेच चित्र तो आणखी एका चादरवाल्याला विकायच्या बेतात होता.

दलालावर दोषारोपपत्र गेलं, पुढे शिक्षाही झाली. दुकानदाराचा माल मात्र जप्तीत अडकला होता. एक दिवस तो ठाण्यात बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "ताई, मला ठावं नव्हतं. म्हणाल तर समद्या जाळून टाकतो."

बाईंनी पिशवी हातात घेतली. "जाळू नका," त्या म्हणाल्या. "एवढा माल विका. पण खाली नाव छापा. माझं न्हाई, आईचं. आणि पुढं काही छापायचं असलं तर आधी मला विचारा."

या वेळी बोली कागदावर आली. न्यायालयाच्या परवानगीनं माल सुटला आणि प्रत्येक पिशवीवर नावाचा शिक्का बसला.

त्या केसनं मला एक गोष्ट शिकवली. वस्तू विकत घेतली म्हणजे तिच्यावरचा सगळा हक्क घेतला, असं नसतं. पुढे कुणी व्यापारी सल्ला विचारायला आला की मी सांगत असे, चित्र कुणाचं ते विचारा आणि कशाकशावर छापायची मुभा आहे तेही विचारा. दुकानदारानं हे विचारलं नव्हतं. पण चूक कळल्यावर तो त्या बाईंच्या समोर जाऊन उभा राहिला. चोर आणि चुकलेला माणूस यांच्याकडे एकच माल सापडू शकतो; त्यांच्यातला फरक मला तिथं दिसला.